पालघर-तारापूरचा किनारा आणि संगणकावरील उपग्रह प्रतिमा : वाचनाचे काही प्रश्न

प्रस्तावना

पालघर, बोईसर आणि तारापूर ही तीन ठिकाणे एका दिवसात सहज पाहून होतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांत मात्र ती तीन निरनिराळ्या पत्रकांत विभागली गेली आहेत. अक्षांश-रेखांशांच्या १५-१५ मिनिटांच्या चौकटीनुसार पालघर ४७ ए/१४ मध्ये, बोईसर ४७ ए/१३ मध्ये आणि तारापूर ४७ ए/९ मध्ये येते. शिवाय सागरकिनाऱ्यालगतच्या पट्ट्याची पत्रके दीर्घकाळ निर्बंधित वर्गात मोडत असत. आपल्याच तालुक्याचा नकाशा वर्गात दाखविण्यासाठी भूगोलाच्या अध्यापकास परवानगीचा पत्रव्यवहार करावा लागे. तारापूर येथे तर १९६९ पासून देशातील पहिले अणुविद्युत केंद्र कार्यरत झालेले. त्यामुळे या भागाच्या नकाशाविषयीची सावधगिरी अधिकच होती.

ही स्थिती २००५ या एका वर्षात पालटली. फेब्रुवारीत गुगल मॅप्स आले. मे महिन्यात केंद्र शासनाने राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर करून संरक्षण दलांसाठी एक व सर्वसामान्यांसाठी एक अशा दोन स्वतंत्र नकाशामालिका ठरविल्या. जूनमध्ये गुगल अर्थ विनामूल्य उपलब्ध झाले. कीहोल या कंपनीने विकसित केलेली ही प्रणाली गुगलने २००४ मध्ये विकत घेतली होती. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी हैदराबाद येथे पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना अशा खुल्या प्रतिमांपासून संभवणाऱ्या धोक्याकडे लक्ष वेधले. याच वर्षाच्या सप्टेंबरात तारापूरचा ५४० मेगावॅटचा चौथा संच व्यावसायिक उत्पादनास सिद्ध झाला, हा केवळ योगायोग. परंतु जे स्थळ कागदी नकाशावर जपून ठेवले जात होते तेच जगभर पडद्यावर दिसू लागले, ही विसंगती त्यातून ठळकपणे जाणवते. २००१ च्या दूरसंवेदन विदा धोरणानुसार ५.८ मीटरपर्यंतच्या विभेदनाच्याच प्रतिमा निर्वेधपणे मिळत असत; २०११ मध्ये ही मर्यादा एक मीटरवर आली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक निर्बंध दूर केले. मधल्या काळात परदेशी संकेतस्थळांवर एक मीटरहून सूक्ष्म चित्र कोणीही पाहत होते. इस्रोचे ‘भुवन’ ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले.

गुपिताचा प्रश्न पुष्कळ चर्चिला गेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे : या प्रतिमांत आपल्या किनाऱ्याचे नेमके काय दिसते आणि काय दिसूच शकत नाही?

घर आणि चित्रघटक

उपग्रह प्रतिमा ही लहान चौकोनी घटकांची बनलेली असते. लँडसॅट मालिकेतील १९८० च्या दशकापासूनच्या प्रतिमांत एक घटक ३० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा असतो. सहा मीटर रुंद व नऊ मीटर लांब घर ५४ चौरस मीटर जागा व्यापते. ते एका घटकाच्या सोळाव्या हिश्श्याइतके भरते. घर, अंगण, आंब्याचे झाड आणि पायवाट यांचा सरासरी रंग तेवढा नोंदला जातो. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे विस्थापित झाली. या गावांच्या जागा लँडसॅटच्या जुन्या संग्रहात शोधता येतात, पण तेथे गाव म्हणून ओळखावे असे काही सापडत नाही. सापडतो तो आसपासच्या शेतीहून किंचित वेगळ्या छटेचा डाग. गावाचे नाव, वस्तीचा विस्तार, विहिरी आणि वाटा हे सारे सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकावर आणि भूमिअभिलेख खात्याच्या गावनकाशावरच आहे. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहताना आणखी एक अडचण येते. जुनी पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेली, तर संगणकीय प्रतिमा डब्ल्यूजीएस-८४ या मापनपद्धतीवर. परिणामी आपल्या भागात तेच अक्षांश-रेखांश सुमारे शंभर मीटर सरकलेले आढळतात. नकाशावर हे अंतर दोन मिलिमीटरच आहे. गावठाणाच्या हद्दीच्या वादात ते पुष्कळ होते.

प्रतिमा सलग दिसते म्हणून ती एकाच दिवसाची आहे असे समजणे हाही नेहमीचा गोंधळ. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तुकडे जोडून ती तयार होते. आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे भूभाग झाकलेला राहतो, म्हणून बहुतेक तुकडे ऑक्टोबर ते मे या काळातले असतात. भाताचे आगर म्हणून ओळखला जाणारा प्रदेश त्यामुळे पडद्यावर करडा व पडीक वाटतो. जमिनीच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात घेतले नाही तर तो भाताची खाचरे ‘ओसाड जमीन’ म्हणून नोंदवून मोकळा होतो.

भरती-सुकती आणि साडेदहाची वेळ

किनाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक खोल आहे. भूनिरीक्षण करणारे बहुतेक उपग्रह सूर्यसापेक्ष कक्षेत फिरतात व एखाद्या स्थळावरून नेहमी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान जातात. भरतीची वेळ मात्र तिथीनुसार बदलते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते, हा किनाऱ्यावरील मच्छीमारांचा परंपरागत हिशेब. त्यानुसार अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पूर्ण भरती दुपारी बाराच्या पुढेमागे येते आणि पूर्ण सुकती सकाळी व सायंकाळी सहा-सातच्या सुमारास. अष्टमीच्या भांगात याच्या उलट दुपारी सुकती असते, पण भांगाचे पाणी फार मागे हटत नाही.

हे दोन हिशेब एकत्र मांडले म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. उधाणाच्या दिवशी उपग्रह साडेदहाच्या सुमारास येतो तेव्हा पाणी भरत आलेले असते. भांगाच्या दिवशी तो येतो तेव्हा पाणी ओसरत असले तरी खोलवरचा खडक उघडा पडलेला नसतो. किनाऱ्याचा सर्वांत रुंद पट्टा उघडा करणारी उधाणाची सुकती या उपग्रहांच्या वेळेत बसतच नाही. या किनाऱ्यावर उधाणात भरती-सुकतीतील फरक चार मीटरहून अधिक असतो. उतार शंभरास एक धरला तर चारशे मीटर रुंदीची जागा पाण्याखाली जाते व बाहेर येते. तारापूरपासून उत्तरेकडे वाढवणपर्यंतच्या खडकाळ भागात याच पट्ट्यात स्त्रिया कालवे व शिंपल्या वेचतात. शेकडो प्रतिमा तपासल्या तरी ही जागा त्यांत समुद्र म्हणूनच दिसेल.

वाढवण बंदराच्या संदर्भात याला प्रत्यक्ष अर्थ आहे. या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्रक्षेत्रात भराव प्रस्तावित आहे. भरावापूर्वीचा किनारा कसा होता हे पुढे विचारले जाईल तेव्हा पडद्यावरील कालक्रमाने लावलेल्या जुन्या प्रतिमा सर्वांत हाताशी असतील. गुगल अर्थच्या २००९ मधील पाचव्या आवृत्तीपासून ही सोय आहे आणि अनेक अभ्यासक किनाऱ्याची झीज मोजण्यासाठी तिचा आधार घेतात. दोन प्रतिमांतील पाण्याची रेषा वीस-तीस मीटरने मागेपुढे दिसली की लगेच झीज वा भर असे अनुमान काढले जाते. प्रतिमेच्या दिनांकाची तिथी पंचांगात पाहण्याचा पाच मिनिटांचा व्याप मात्र क्वचितच केला जातो. एक प्रतिमा द्वादशीची व दुसरी पौर्णिमेची असेल तर मोजली गेली ती झीज नव्हे, भरती होय. पाण्याच्या रेषेऐवजी पुळणीवरील वनस्पतींची कड, तिवरांची कड किंवा बांधलेला बंधारा यांचे स्थान मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

जो पट्टा प्रतिमेत येत नाही त्याची नोंद चालतच करावी लागते. उधाणाच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास, वेचणाऱ्या स्त्रियांसह, साध्या भ्रमणध्वनीतील स्थाननिश्चितीच्या साहाय्याने खडकाच्या बाहेरच्या कडेने बिंदू घेत जावे. प्रत्येक खडकाला स्थानिक नाव आहे. ते त्याच वेळी लिहून घ्यावे. भूगोल, प्राणिशास्त्र व मराठी या तीन विभागांनी मिळून हे काम केले तर एका हिवाळी सत्रातील चार-पाच उधाणांत तारापूर ते वाढवण एवढे अंतर पुरे होऊ शकते. सकाळचा पूर्ण उजेड होईपर्यंत पाणी परतू लागते, एवढे मात्र वेळापत्रक आखताना लक्षात घ्यावे.