वृद्धाश्रमांचा संसार

गोदावरीच्या कांठीं वसलेल्या नाशिक शहराला पाहुण्यांची सवय फार जुनी आहे. रामकुंडावर स्नानाला येणारा, आप्तांच्या अस्थि घेऊन येणारा, सिंहस्थाच्या पर्वणीला येणारा यात्रेकरू येथें उतरतो, एक-दोन रात्री राहतो आणि आपल्या गांवीं परत जातो. त्याच्यासाठीं धनिकांनीं आणि साधुसंतांनीं धर्मशाळा बांधल्या. गाडगे महाराजांनीं गोरगरिबांसाठीं उभारलेली धर्मशाळा त्यांपैकींच एक होय. धर्मशाळेचा नियम सोपा असतो. येईल त्याला ओसरी द्यावयाची, आणि ठराविक दिवसांनीं ती दुसऱ्यासाठीं मोकळी करून घ्यावयाची. धर्मादाय वृद्धाश्रम बाहेरून असाच दिसतो. त्यालाहि विश्वस्त असतात, देणगीदारांच्या नांवांच्या संगमरवरी पाट्या असतात. परंतु त्याचा पाहुणा परत जावयाचा नसतो. तो दहा-पंधरा वर्षें राहतो आणि वर्षागणिक त्याची गरज वाढत जाते. या संस्थांच्या आजच्या बहुतेक अडचणी या एका भेदांतून निघाल्या आहेत.

स्वातंत्र्य मिळालें त्या सुमारास हिंदी माणसाचें सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. आतां तें सत्तरीच्या घरांत आहे. २०११ च्या खानेसुमारींत देशांत साठ वर्षांवरील माणसें १० कोटि ३८ लक्ष भरलीं, आणि महाराष्ट्रांत त्यांचें प्रमाण शेंकडा दहाच्या जवळपास होतें. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक. नाशकापुरतें पाहिलें तर १९२५ सालीं नाशिकरोडला निघालेला सरकारी छापखाना, पुढें ओझरचा विमानांचा कारखाना, सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती यांनीं बाहेरगांवच्या हजारों कुटुंबांना येथें आणिलें. तो कामगार आतां निवृत्त झाला आहे. मुलें पुण्याला, मुंबईला, कित्येक परदेशीं गेलीं. ज्याला सरकारी निवृत्तिवेतन आहे त्याचें बरें. पण खाजगी कारखान्यांतील कामगाराला निर्वाह निधीच्या योजनेंतून जें किमान वेतन मिळावें म्हणून २०१४ सालीं ठरलें, तें महिना १,००० रुपये होतें. निराधारांसाठीं असलेल्या श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ सालीं १,५०० रुपये करण्यांत आली. एवढ्या रकमेंत शहरांत खोलीचें भाडेंहि भागत नाहीं.

निराश्रितांच्या सोयीचा विचार महाराष्ट्राला नवा नाहीं. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या नांवाचें अनाथ पंगुगृह एकोणिसाव्या शतकांतच निघालें आणि तें ‘निवारा’ या नांवानें आजहि चालतें. राज्य सरकारनें १९६३ सालीं स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना काढली. तींत साठ वर्षांवरील पुरुष व पंचावन्न वर्षांवरील स्त्रिया यांना प्रवेश असे; अनुदान एके काळीं माणशीं महिना ९०० रुपये, म्हणजे दिवसाला तीस रुपये होतें. पुढें १९९५ सालीं ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना आली. शेवटीं २००७ सालीं आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निर्धन वृद्धांची सोय होईल असें एक तरी गृह असावें, असें त्याचें १९ वें कलम म्हणतें. पण तें सरकारनें ‘काढावें’ असें नसून ‘काढतां येईल’ असें आहे. कायद्याच्या भाषेंत एका क्रियापदाचें वजन किती असतें तें येथें दिसतें. राहिलेली सारी जागा धर्मादाय संस्थांनीं भरून काढावयाची, अशी ही व्यवस्था झाली आहे.

या संस्था जेव्हां निघाल्या तेव्हां त्यांच्यापुढें जें चित्र होतें, तें हिंडत्याफिरत्या पण पोरक्या वृद्धाचें होतें. त्याला दोन वेळचें अन्न, अंथरूण, देवघर आणि चार सोबती मिळाले कीं झालें. म्हणून पुष्कळ ठिकाणीं प्रवेशाच्या अर्जांतच अट असते कीं, येणाऱ्यानें स्वतःचें स्वतः करावयास हवें. परंतु अडुसष्टाव्या वर्षीं स्वतःच्या पायांनीं आंत आलेली बाई ऐंशीव्या वर्षीं खुब्याचें हाड मोडून अंथरुणाला खिळते. तेव्हां अट दाखवून तिला कोठें पाठवावयाचें? जे नातेवाईक अर्जावर सही करून गेले, त्यांचा पत्ता कित्येकदां बदललेला असतो. तशांत स्मृतिभ्रंशाचा विकार. देशव्यापी पाहणीवरून २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें साठीपुढील शेंकडा सातांहून अधिक माणसांना तो जडलेला आहे. असा वृद्ध रात्रीं उठून दार शोधूं लागतो, जेवल्यावर पुन्हां जेवण मागतो, शेजारच्या खाटेवरील सोबत्याला चोर म्हणतो. त्याच्यावर नजर ठेवण्यास कुलूप पुरत नाहीं, माणूस लागतो.

आणि माणसाचा हिशेब कठीण आहे. निजलेल्या रोग्याला दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागतें, नाहीं तर पाठीला जखमा पडतात. अष्टौप्रहर एक परिचारक हजर ठेवावयाचा तर आठवड्याचे तास होतात १६८. एका नोकराचे ४८. म्हणजे एका जागेसाठीं साडेतीन, आणि रजा-आजार धरून चार माणसें हवींत. पुन्हां हीं माणसें टिकत नाहींत. आठ-पंधरा दिवसांत हात बसला कीं घरोघर रोगी सांभाळण्याचें काम देणाऱ्या मंडळ्या जास्त पगार देऊन त्यांना नेतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकांतच आहे, परिचर्येचें शिक्षणहि राज्यभर वाढलें. पण शिकलेली परिचारिका इस्पितळांत किंवा परदेशीं जाते. वृद्धाश्रमांत येते ती बहुधा न शिकलेली, स्वतः अडचणींत असलेली बाई, आणि खरी शुश्रूषा तीच करते.

देणगीचा ओघ मात्र निराळ्या वाटेनें वाहतो. वडिलांच्या पुण्यतिथीचें जेवण, मुलाच्या वाढदिवसाचा गोड घांस, एखादी खोली, पाण्याची टाकी यांना दाते सहज मिळतात. पितृपक्षांत तर एकाच दिवशीं दोन यजमान येतात, आणि मधुमेह्यांच्या पंक्तीला जिलबी वाढली जाते! ज्या क्षेत्रीं दूरदूरचे लोक दिवंगत पितरांच्या उत्तरकार्यासाठीं येतात, तेथें जिवंत पितरांनाहि त्या पंधरवड्यांत सुगी यावी, यांत नवल नाहीं. पण रात्रपाळीच्या बाईच्या पगारावर नांवाची पाटी लावतां येत नाहीं.

मोठ्या कंपन्यांना आपल्या नफ्याचा शेंकडा दोन भाग समाजकार्यावर खर्च करावयास लावणारा कायदा २०१३ सालीं झाला, आणि त्याच्या यादींत वृद्धाश्रम स्पष्टपणें घातलेले आहेत. तरी त्याचे नियम चालू कामाला सुरुवातीचें वर्ष सोडून तीनच वर्षांची मर्यादा घालतात. म्हातारपणाला अशी मर्यादा नसते. परदेशाच्या नागरिक झालेल्या नाशिककराला गांवच्या संस्थेला पैसे पाठवावयाचे तर विदेशी देणग्यांचा कायदा आड येतो. २०२० पासून अशी रक्कम दिल्लीच्या एका ठराविक बँकशाखेंतच घ्यावी लागते. लहान संस्थांनीं तो नाद सोडलेला असतो.

म्हणून कांहीं चालक निराळी घडी बसवूं पाहत आहेत. निम्म्या खाटा ऐपतवानांना शुल्क घेऊन द्यावयाच्या आणि त्यांतून उरलेल्या निर्धनांचा खर्च काढावयाचा. महिना पंचवीस हजारांपर्यंतच्या शुल्कावर नोंदलेल्या धर्मादाय वृद्धाश्रमांना वस्तु व सेवा कराची सूटहि देण्यांत आली. यांत धोका आहे तो उघड आहे: पैसे भरणाऱ्याच्या मुलाला तक्रार करतां येते, फुकट राहणाऱ्याच्या वतीनें कोणी बोलत नाहीं. शिवाय ज्यांच्यापाशीं खरोखरच पैसा आहे ते आतां बांधकाम कंपन्यांनीं ज्येष्ठांसाठीं काढलेल्या वसाहतींत जातात. तेव्हां धर्मादाय संस्थेच्या वांट्याला मधला शिक्षक, कारकून, त्याची विधवा, एवढेच शुल्क देणारे उरतात.

दुसरी एक रीत लहान, पण अधिक उपयोगाची आहे. जेवणाच्या पावतीपुस्तकाशेजारीं दुसरें पावतीपुस्तक ठेवावयाचें, आणि पुण्यतिथीच्या यजमानाला विचारावयाचें कीं, पक्वान्नाऐवजीं एका परिचारिकेचा एक महिन्याचा पगार द्याल काय? प्रथम लोक बिचकतात. जेवण डोळ्यांपुढें वाढलें जातें, पगार दिसत नाहीं. परंतु ज्याची स्वतःची आई कधीं अंथरुणावर होती, तो सहसा नाहीं म्हणत नाहीं. अशा बारा यजमानांवर वर्षभराची एक बाई उभी राहते, चार बाया मिळाल्या कीं अष्टौप्रहर माणूस असलेली एक खोली उघडतां येते. आणि त्या खोलीपुरती तरी चालतां येण्याची अट अर्जांतून काढून टाकतां येते.