कासवाची खडबडीत पाठ

देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाची पाठ सहसा गुळगुळीत असते. घरी पाळलेल्या कासवाच्या पाठीवर मात्र पुष्कळदा टेंगळं दिसतात. कवचाचा प्रत्येक फलक छोट्या पिरॅमिडसारखा वर आलेला असतो. काहींना ती नक्षीच वाटते!

कवच म्हणजे अंगावर चढवलेलं चिलखत नव्हे. फासळ्या आणि पाठीचा कणा त्यातच जोडलेला असतो, म्हणून हाडांचं दुखणं तिथे उमटतं. पूर्वी टेंगळांचा सगळा दोष जास्त प्रथिनांच्या खाण्यावर टाकला जाई. पण 2003 साली आफ्रिकन सुलकाटा कासवांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगात कोरडी हवा अधिक दोषी ठरली. रायपूरचा एप्रिल-मे आठवावा: अंग भाजणारी कोरडी हवा, त्यात चोवीस तास पंखा किंवा एसी. अशा घरात पिल्लाला ओलसर आडोसा हवाच.

कवच मऊ पडणं टेंगळांहून गंभीर. त्याचं कारण: कॅल्शियम कमी, त्यात ऊन नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, कारण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. रोज पालक घालणंही बरं नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

आलेली टेंगळं सपाट होत नाहीत, मात्र निगा सुधारली की पुढची वाढ नितळ होऊ शकते.

आणि पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव? त्याच्या पाठीला निसर्गतःच थोडे उंचवटे असतात. पण ते घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.