यंत्राची निर्मिती आणि मालकीचा प्रश्न

कविता यंत्राने जुळवली तर तिची मालकी कोणाची? हा प्रश्न आता वकिलांपुरता उरलेला नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात संगणकनिर्मित कृतींची तरतूद आली. अशा कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्मिती घडवून आणणारी व्यक्ती, असे कायदा म्हणतो. त्या काळचा संगणक माणसाने आखून दिलेल्या वाटेने चालत होता. आजचे यंत्र वाक्येच्या वाक्ये स्वतः जुळवते. मग घडवून आणणारा कोण? चार ओळींची सूचना देणारा, की यंत्राची मालक असलेली कंपनी? कायद्याच्या शब्दांत याचे सरळ उत्तर सापडत नाही.

अमेरिकेत स्टीफन थेलर यांनी यंत्रालाच कर्ता दाखवून एका चित्राची नोंदणी मागितली. कर्ता माणूसच असला पाहिजे, असे सांगून २०२३ साली जिल्हा न्यायालयाने आणि २०२५ साली अपील न्यायालयाने ती मागणी फेटाळली. २०२३ मध्येच 'झार्या ऑफ द डॉन' या चित्रकथेबाबत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने एक रेषा आखली. मजकूर आणि मांडणी माणसाची, म्हणून तिला संरक्षण. यंत्राने काढलेल्या चित्रांना नाही.

ही रेषा आपणही स्वीकारावी. आपल्याकडे हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरील हक्काची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. एवढे दीर्घ संरक्षण माणसाच्या निर्मितीसाठी आहे. यंत्र एका दिवसात हजारो मजकूर ओतू शकते. त्यांनाही तेच संरक्षण मिळाले, तर ज्याच्याजवळ यंत्रे जास्त, त्याचीच कुंपणे शब्दांच्या गायरानावर पडतील. शिवाय हे यंत्र शिकले ते माणसांनी लिहून ठेवलेल्या शब्दांवरच. राबणारा एक आणि मालक दुसरा, ही रीत आपल्याला नवी नाही.

मात्र नव्याने लिहू लागलेल्या एखाद्या मुलीने शुद्धलेखन तपासायला यंत्र वापरले, म्हणून तिचा अनुभव यंत्राचा होत नाही. हत्यार कोणते वापरले, हा निकष नव्हे. निर्मिती कोणाची, हा निकष. जेवढे तिचे, तेवढ्यावर तिचा हक्क. आपले काय आणि यंत्राचे काय, हे मात्र तिने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हाच नियम कंपन्यांनाही लागू झाला पाहिजे.