विश्लेषण : विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्प मुलाचा की पालकांचा?

शाळेचे विज्ञान प्रदर्शन म्हटले की डोळ्यांसमोर येतो पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, एलईडी दिव्यांची ‘स्मार्ट सिटी’ आणि शेजारी उभे राहून पाठ केलेला परिच्छेद एका दमात म्हणणारा तिसरी-चौथीतला विद्यार्थी. ‘हे कसं केलंस?’ असे विचारले की त्याची नजर मागे उभ्या असलेल्या आईकडे जाते. मुलाने स्वतः करावे असा प्रकल्प कोणता, तो चिंचोटीसारख्या गावात पैसे खर्च न करता कसा करता येईल आणि मोठ्यांनी कुठे थांबावे, याविषयी...

विज्ञान प्रदर्शनाची साखळी कशी असते?

शाळा, तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय असे हे टप्पे असतात. चिंचोटीतील शाळेसाठी तालुका वसई आणि जिल्हा पालघर. राष्ट्रीय प्रदर्शन ‘एनसीईआरटी’ भरवते. त्याची सुरुवात १९७१मध्ये दिल्लीत झाली. २०२३च्या डिसेंबरमध्ये ते पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरले होते. तालुका आणि जिल्ह्याची प्रदर्शने साधारण हिवाळ्यात होतात, तर अनेक शाळा आपले प्रदर्शन २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी ठेवतात. १९२८मध्ये याच दिवशी सी. व्ही. रामन यांनी ‘रामन परिणामा’चा शोध लावला होता.

यात पहिली ते पाचवीची मुले कुठे आहेत?

तालुक्यापासून पुढच्या प्रदर्शनांत ‘प्राथमिक गट’ हे शब्द दिसतात, पण त्याचा अर्थ सहावी ते आठवी असा आहे. केंद्राची ‘इन्स्पायर-मानक’ योजना सहावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. निवडलेल्या कल्पनेला त्यात १० हजार रुपये मिळतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी वय किमान १० वर्षे लागते. म्हणजे पाचवीपर्यंतच्या बहुतेक मुलांसाठी शाळेचे प्रदर्शन हीच पहिली आणि शेवटची पायरी. एका अर्थाने हे बरेच आहे. पुढे जाण्याची स्पर्धाच नसल्यामुळे इथे चकचकीत मॉडेलची गरज नाही. तरीही सर्वाधिक चकचकीत मॉडेल याच वयोगटात दिसतात. कारण उघड आहे, आठ वर्षांच्या मुलाला जे जमत नाही ते घरातले मोठे किंवा दुकानदार करून देतात.

ज्वालामुखी हा प्रयोग का नाही?

खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि फेस उसळतो. खऱ्या ज्वालामुखीत असे काही घडत नाही. तिथे पोटातला तप्त शिलारस आणि त्यात विरघळलेले वायू दाबाने बाहेर पडतात. त्यामुळे हे मॉडेल ज्वालामुखीबद्दल काही सांगत नाही, आणि काय होणार हे आधीच ठरलेले असल्याने ते प्रयोगही ठरत नाही. ते प्रात्यक्षिक आहे.

याच साहित्यातून प्रयोग मात्र होऊ शकतो. एकसारख्या चार बाटल्यांत सारखेच व्हिनेगर घ्यायचे. चार फुग्यांत एक, दोन, तीन आणि चार चमचे सोडा भरायचा, फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवून सोडा आत सांडायचा आणि फुगलेल्या फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायचा. सोडा वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर फुगा आणखी फुगत नाही, कारण व्हिनेगर संपलेले असते. एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व सारखे ठेवायचे, पुन्हा करून पाहायचे आणि मोजायचे, एवढे चौथीतल्या मुलाला कळले तर त्याला प्रयोग कळला.

चिंचोटीतल्या मुलांना काय मोजता येईल?

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या या गावाची ओळख धबधबा आणि पावसाळ्यात महामार्गावर साचणारे पाणी अशी आहे. धबधब्यावर दुर्घटना झाल्या आहेत, पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघतात. त्यामुळे मुलांनी तिकडे जाण्याचा प्रश्नच नाही. पण पाऊस शाळेच्या अंगणातही पडतो.

प्लास्टिकच्या सरळ बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा बसवला की पर्जन्यमापक तयार. तळाला खडे टाकून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरायचे आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. पाणी रेघेच्या जितके मिलिमीटर वर चढेल तितका पाऊस. हवामान विभागाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेले की तो ‘जोरदार पाऊस’ आणि ११५.६ किंवा त्याहून अधिक झाला की ‘अतिजोरदार’. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी, हे कळले की शाळेच्या छतावर किती पाणी पडले याचा हिशेब पाचवीच्या गणितात बसतो. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. एकाच उतारावर माती, गवत आणि सिमेंट यांच्यावर एक-एक तांब्या पाणी ओतले तर किती मुरते आणि किती वाहून जाते? महामार्गावर साचणाऱ्या पाण्याची अनेक कारणे असतील, पण त्यातले एक मुलाने हाताने मोजलेले असेल.

पावसाळा संपल्यावर काय?

तेव्हा ऊन असते. १ मीटरची काठी अंगणात सरळ रोवायची आणि दर आठवड्याला दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. चिंचोटीच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास ती साधारण ९३ सेंटिमीटर भरते, २८ फेब्रुवारीला साधारण ५२. दोन महिन्यांत सावली जवळपास निम्मी होते. यात आणखी एक गंमत आहे. सर्वांत आखूड सावली घड्याळात बाराला पडत नाही, साडेबारानंतर पडते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि वसई परिसर त्याच्या बराच पश्चिमेला, ७३ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे सूर्य इथे उशिरा डोक्यावर येतो. ‘पुस्तकात बारा म्हटलंय, मग इथे साडेबारा का?’ हा प्रश्न मुलाने स्वतः विचारला, तर प्रदर्शनाचा हेतू तिथेच साध्य झाला. खर्च एका काठीचा.

पालकांनी कुठे थांबावे?

कात्री-ब्लेडचे काम, विजेची जोडणी आणि आगीजवळचे काम मोठ्यांनीच करावे. प्रश्न, मोजमाप, नोंद आणि चूक मात्र मुलाची. चुकलेली नोंद खोडून पुन्हा लिहून देण्याचा मोह आवरावा. तिच्या शेजारी ‘या दिवशी ढग होते’ असे मुलाने लिहिले तर ती अधिक मोलाची ठरते. महागड्या साहित्याची गरज नसते, हे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून वर्षानुवर्षे दाखवले.

फरक खर्चाचाही आहे. वीटभट्टीवर किंवा गोदामात काम करणाऱ्या पालकांच्या मुलाला तयार मॉडेल परवडत नाही. बक्षीस मॉडेलच्या दिसण्यावर मिळाले तर त्याला पहिल्याच प्रदर्शनात कळते की विज्ञान ही पैशांची गोष्ट आहे. बक्षीस वहीवर मिळाले तर उलटे कळते.

परीक्षकांनी काय विचारावे?

‘तत्त्व सांग’ म्हटले की पाठ केलेले उत्तर येते. त्याऐवजी तीन साधे प्रश्न पुरतात : तुला आधी काय वाटलं होतं? काय चुकलं? पुन्हा केलंस तर काय बदलशील? आणि उत्तर मूल वारलीत, कादोडीत किंवा हिंदीत देत असेल तर तसेच ऐकावे. गुण भाषेला नाहीत, निरीक्षणाला आहेत.

शेवटी वही मागावी. जूनपासून भरलेली, कुठे पावसाने भिजलेली, मध्ये चार दिवस तापामुळे रिकामी राहिलेली वही. दुकानात मॉडेल मिळते, त्या तारखा मिळत नाहीत.