इंजिन बंद पडते तेव्हा

विमान धावपट्टीवर वेग घेत असते, तेव्हा कॅप्टनचा एक हात थ्रस्ट लिव्हरवर असतो. ‘व्ही-वन’ असा पुकारा झाला की तो हात लिव्हरवरून निघतो. या वेगापर्यंत इंजिनात बिघाड झाला, तर ब्रेक लावून उरलेल्या धावपट्टीत थांबता येते. त्यानंतर जागा पुरत नाही. इंजिन गेले तरी उड्डाण करायचेच. हात तिथेच राहिला तर दचकून लिव्हर मागे ओढला जाण्याचा धोका, म्हणून तो काढूनच घ्यायचा. हा वेग प्रत्येक उड्डाणाआधी नव्याने काढतात. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, तापमान, वारा, धावपट्टी ओली आहे का, हे सारे त्या हिशेबात येते.

दोन इंजिनांपैकी एक नेमके याच टप्प्यावर बंद पडले, तर जोर एकाच पंखाखाली उरतो आणि विमानाचे नाक बंद इंजिनाकडे वळू लागते. वैमानिक चालू इंजिनाच्या बाजूचा पाय रडरच्या पेडलवर दाबून विमान सरळ धरतो, चाके आत घेतो आणि ठरलेल्या वेगाने चढत राहतो. काय बिघडले याची तपासणी पुरेशी उंची गाठल्यावर. चाके आत घेतल्यानंतर एकाच इंजिनावर दर १०० मीटर अंतरामागे किमान २.४ मीटर चढता येईल, हे दुइंजिनी विमानाला प्रमाणपत्र मिळवतानाच सिद्ध करावे लागते. वैमानिकांकडूनही सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग पुन्हा पुन्हा घोटून घेतला जातो.

उंचावर एक इंजिन गेले, तर घाई कमी असते. एका इंजिनाला ३५-४० हजार फुटांवरची विरळ हवा पेलत नाही, म्हणून विमान हळूहळू खाली येते आणि जिथे तेवढा जोर पुरतो त्या उंचीवर स्थिरावते. हिमालयासारख्या पर्वतांवरून जाताना ही उंची शिखरांच्या वर राहील ना, नाहीतर बाहेर पडायची वाट कोणती, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते.

समुद्रावर प्रश्न अंतराचा असतो. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून दुइंजिनी विमानांना विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जायला मनाई होती आणि ही ६० मिनिटे एका इंजिनाच्या वेगाने मोजायची. पिस्टन इंजिनांचा तो काळ होता. जेट इंजिने कितीतरी भरवशाची निघाली. १९८५ मध्ये टीडब्ल्यूएची बोइंग ७६७ विमाने खास परवानगी घेऊन अटलांटिक ओलांडू लागली. २०१४ मध्ये एअरबस ए-३५० ला ही मुदत ३७० मिनिटांपर्यंत मिळाली, म्हणजे सहा तासांहून जास्त!

पण सगळीच इंजिने गेली तर? तरीही विमान दगडासारखे कोसळत नाही. घाटातून पेडल न मारता उतरणाऱ्या सायकलीप्रमाणे ते उंची खर्चून वेग राखते. प्रवासी जेट एक किलोमीटर खाली येताना साधारण पंधरा किलोमीटर पुढे जाते. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. लंडनहून ऑकलंडला निघालेली ही सेवा वाटेत मुंबईलाही थांबली होती. राख कोरडी असल्याने ती हवामान रडारवर दिसली नाही. इंजिनांच्या उष्णतेने ती वितळून आतल्या भागांवर चिकटली होती. इंजिने थंड झाल्यावर हा थर तडकून निघू लागला. ३७ हजार फुटांवरून विमान १३ हजारांच्या आसपास आले, तेव्हा इंजिने पुन्हा पेटू लागली. जाकार्ताला ते सुखरूप उतरले.

ही सवड उंचीने दिली. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांचा थवा एअरबस ए-३२० च्या दोन्ही इंजिनांत शिरला, तेव्हा विमान जेमतेम २,८०० फुटांवर होते. साडेतीन मिनिटांत ते हडसन नदीत उतरवावे लागले. सर्व १५५ जण वाचले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून उडालेल्या आणि लगेच कोसळलेल्या विमानाला तेवढीही उंची मिळाली नाही. प्राथमिक अहवालानुसार, उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच ‘कटऑफ’ स्थितीत गेले. ते पुन्हा ‘रन’वर आले, इंजिने पेटूही लागली, पण जोर परत यायला लागणारा वेळ उरला नव्हता. विमानातले २४१ जण आणि जमिनीवरची माणसेही दगावली.

इंजिनांशिवाय सर्वांत लांब तरंगत गेलेले प्रवासी जेट मात्र एअर ट्रान्सॅटचे. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या या एअरबस ए-३३० मध्ये ३०६ जण होते. काही दिवसांपूर्वी उजवे इंजिन बदलताना न जुळणारा भाग बसवला गेला होता. त्यामुळे हायड्रॉलिक नळी इंधनाच्या नळीवर घासत राहिली आणि अटलांटिकवर इंधनाची नळी फुटली. दोन्ही बाजूंच्या इंधनात तफावत दिसली, तेव्हा वैमानिकांनी तोल साधण्यासाठी क्रॉसफीड झडप उघडली. त्यामुळे चांगल्या बाजूचे इंधनही गळतीच्या वाटेने गेले. आधी उजवे, मग तेरा मिनिटांनी डावे इंजिन बंद पडले.

अझोर्स बेटांवरचा लाजेस हवाई तळ तेव्हा सुमारे १२० किलोमीटर दूर होता. विमानाच्या पंखाखालून एक छोटी पवनचक्की आपोआप बाहेर आली. तिला रॅम एअर टर्बाइन म्हणतात. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर ती फिरते आणि सुकाणूपुरता हायड्रॉलिक दाब व मोजकी वीज देते. कॅप्टन रॉबर्ट पिशे आणि सहवैमानिक डर्क डी यागर यांनी १९ मिनिटे विमान असेच नेले. तळाजवळ उंची जास्त उरली होती. ती घालवायला त्यांनी पूर्ण गोल वळसा घेतला. इंजिनच नाही, तर चुकल्यास पुन्हा वर उठून दुसरा प्रयत्न करण्याची सोयही नव्हती. विमान नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने टेकले, टायर फुटले, काही जण जखमी झाले, पण सगळे वाचले. पुढे एअरबसच्या उड्डाण-पुस्तिकांत सूचना ठळक केली गेली: क्रॉसफीड उघडण्याआधी कुठे गळती नाही ना, याची खात्री करा.