मल्लखांब : खांब, एरंडेल आणि मांड्यांची पकड

मोबाइलवर पोल डान्सचे व्हिडिओ आता नांदेडकडच्या अर्धापुरातही सगळे पाहतात. गुळगुळीत स्टीलचा दांडा, त्याला पायाने लटकलेली मुलगी, खाली डोकं आणि वर पाय. पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "हे तर आपलं मल्लखांबाचं." म्हणणं अर्धं बरोबर आहे. दोन्हींत उभ्या दांड्यावर शरीर तोलायचं असतं, दोन्हींत कातडीची पकड लागते आणि पडण्याचा धोकाही सारखाच. पण खांबाची जाडी बदलली की सगळं तंत्र बदलतं. नांदेड-लातूरकडे कुस्तीचा नाद मोठा, माळेगावच्या यात्रेतली दंगल पाहायला माणसं लांबून येतात. त्या मानाने मल्लखांब मात्र अजून शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मनोऱ्यांइतकाच ठाऊक आहे. म्हणून खांब कसा असतो, त्यावर काय करतात आणि अंग कसं सांभाळायचं, ते इथे सविस्तर सांगतो.

थोडा मागचा धागा

मल्लांनी खांबावर कसरत करण्याचा उल्लेख 'मानसोल्लास' या ग्रंथात येतो. ग्रंथ बाराव्या शतकातला, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लागूनच. मराठवाड्याला मल्लखांब परका वाटण्याचं त्यामुळे काही कारण नाही.

पुढची कथा पेशवाईच्या अखेरची. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले आणि त्यांच्याशी लढायला कुणी धजेना. तरुण बाळंभटदादा देवधरांनी आव्हान घेतलं, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन आराधना केली आणि तिथे माकडांना झाडावर खेळताना पाहून त्यांना खांबावरचे डाव सुचले, असं सांगतात. माकडांचा भाग आख्यायिकेचा. पण मल्लखांबाला आजचं रूप आणि परंपरा देणारे म्हणून बाळंभटदादांचंच नाव घेतलं जातं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले आणि ही विद्याही उत्तरेकडे पोचली.

विसाव्या शतकात ती टिकवली ती व्यायामशाळांनी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. याच समर्थ व्यायाम मंदिरातून देशोदेशी मल्लखांब शिकवत फिरलेले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिली जागतिक स्पर्धाही फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच झाली.

खांब कसा असतो

पुरलेला खांब सागाचा किंवा शिसवीचा. जमिनीवर साधारण साडेआठ फूट आणि जमिनीखाली तीनेक फूट. बुडाशी घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास, वर जाताना तो निमुळता होत जातो. खालच्या मोठ्या भागाला अंग म्हणतात, वरच्या बारीक भागाला मान आणि टोकावरच्या गोल गाठीला बोंड. बोंडावर पाय ठेवून उभं राहणं, आसन लावणं हा प्रदर्शनातला टाळ्यांचा भाग, पण खरं काम अंगावर आणि मानेवर चालतं.

सागासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही, किनवट-माहूरच्या जंगलाचा साग प्रसिद्धच आहे. मात्र लाकूड पुरतं वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा खांब नांदेडच्या एका उन्हाळ्यात तडकतो आणि त्या चिरेत मांडीचं कातडं अडकलं तर काय होतं ते सांगायला नको. पुरायच्या भागाला वाळवी लागू नये म्हणून डांबर लावावं. वर्षातून एकदा बुडाजवळची माती उकरून लाकूड पोकळ झालं नाही ना, हे पाहावं. हे काम फार थोड्या ठिकाणी होतं.

याशिवाय टांगता मल्लखांब असतो. हा आखूड खांब साखळीने लटकवलेला, अंगाबरोबर स्वतःही फिरणारा. आणि दोरीचा मल्लखांब. पूर्वी दोरीच्या जागी वेत असायचा. चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. मुलींचा मल्लखांब म्हणजे दोरीचा, अशी वाटणी बरीच वर्षं चालली. आता मुली पुरलेल्या खांबावरही उतरतात.

एरंडेल कशासाठी

खांबाला एरंडेल तेल चोळतात, हे ऐकून नवखा माणूस चक्रावतो. घट्ट धरायचंय आणि वर तेल? पण कोरड्या लाकडावर उघडी मांडी आवळून अंग फिरवलं तर कातडं सोलून निघेल. एरंडेल दाट आणि चिकट असतं. ते घासणं कमी करतं आणि तरीही खोबरेल तेलासारखं सटकू देत नाही. तेल जास्त झालं की राळेची पूड लावून पकड परत आणतात. किती तेल आणि किती राळ, हे हवेवर ठरतं. पावसाळ्यात खांब दमट असतो, एप्रिलमध्ये तळहातच घामाने निथळतात. चांगला वस्ताद सराव सुरू करण्याआधी खांबावरून हात फिरवतो तो यासाठीच.

पोलमध्ये नेमकं उलटं. स्टील किंवा पितळेचा दांडा स्पिरिटने पुसून तेलाचा अंशही ठेवत नाहीत, हाताला खडूची पूड लावतात आणि त्या दिवशी अंगाला क्रीमसुद्धा लावत नाहीत.

जाडीचा फरक

स्पर्धेतला पोल साधारण ४५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मुठीत सहज मावणारा. मल्लखांबाचा व्यास बुडाशी साडेसतरा सेंटिमीटरच्या घरात, जवळजवळ चौपट. तो मुठीत येतच नाही, कवटाळावा लागतो. म्हणून पोलवर बोटं, मनगट आणि खांदे जास्त राबतात, तर मल्लखांबावर मांड्या, बगल, कोपराची आतली बाजू आणि पोट. मल्लखांब शिकलेल्याची मांड बसते, ती कुस्तीत आणि पूर्वी घोडेस्वारीत उपयोगी पडायची. दुसरं म्हणजे पोल स्थिर ठेवता येतो किंवा बेअरिंगवर फिरवता येतो. पुरलेला मल्लखांब हलत नाही, फिरायचं ते माणसाने.

पोल मल्लखांबातूनच निघाला, असं छातीठोकपणे सांगणारे लेख येत असतात. त्यात पुराव्यापेक्षा अभिमान जास्त आहे. चिनी सर्कशीतला उभा खांब, युरोप-अमेरिकेतले सर्कशीचे तंबू आणि नंतरचे नाइट क्लब अशी पोलची स्वतःची वाट आहे. २००९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला आणि आता तो खेळ म्हणून मान्यतेसाठी धडपडतो आहे. नाइट क्लबवरून नाक मुरडणाऱ्यांनी एवढंच पाहावं की एका हातावर अंग आडवं तोलून धरायला जी ताकद लागते, ती दोन्हीकडे सारखीच लागते.

पहिली अढी

सुरुवात सलामीने. मग उडी आणि पकड, आणि मग अढी. अढी आली म्हणजे मल्लखांब सुरू झाला, ती येईपर्यंत फक्त खांबाशी ओळख चालते.

साधी अढी अशी. खांबाला बिलगून उभं राहायचं, दोन्ही हातांनी तो कवटाळायचा, जमिनीला रेटा देऊन कंबर वर उचलायची आणि उलटं होत पाय वर न्यायचे. पाय खांबाच्या दोन बाजूंनी जाऊन मांड्यांनी खांब आवळला जातो. आता डोकं खाली आहे आणि अंगाचा भार मांड्यांवर. इथून पोटाच्या जोरावर धड उचलून हातांनी वरची पकड घ्यायची, की पुढच्या अढीला माणूस तयार.

नवशिक्याची चूक ठरलेली असते. तो हातांनीच सगळं ओढू पाहतो. दंड थरथरायला लागतात, कंबर वर जात नाही आणि पाय खांबावर आपटतात. जोर पोटातून आणि कमरेतून यायला हवा. म्हणून जाणते शिक्षक पहिले काही आठवडे जमिनीवरच पाय उचलायला लावतात. मुलं कंटाळतात, पण त्याला इलाज नाही.

अढीचेच पुढे बरेच प्रकार होतात, एकहाती, बिनहाती, बगलेची. मग वेल, ज्यात अंग खांबाभोवती वळसे घेत वर चढतं. फरारे, ज्यात अंग खांबापासून आडवं ताठ धरायचं. सुईदोरा, ज्यात स्वतःच्याच अंगाच्या कडीतून अंग ओवून काढायचं. उतरती, म्हणजे डोकं खाली ठेवून पकडीपकडीने खाली येणं. आसनं आणि ताजवे, म्हणजे तोलाचे प्रकार, वेगळे. स्पर्धेत हे सगळं एका सलग संचात बांधून दाखवावं लागतं, आणि दोन प्रकारांमधली सांधेजोड सहज झाली तरच गुण चांगले पडतात.

दोरीवर पकड सुरू होते पायाच्या अंगठ्यापासून. अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी धरून वर चढायचं आणि मग अंगाला वेढे देत आसनं लावायची. गाठ मारायला परवानगी नाही, सगळे वेढे सुटे राहिले पाहिजेत. दोरीवरून सर्रकन घसरत खाली येणं मात्र कधीच नाही. त्याने तळहात आणि मांड्या भाजतात.

अंगाची काळजी

सराव सकाळी. मराठवाड्यात मार्चनंतर आठच्या पुढे उघड्या मैदानात खांबाला हात लावणं शहाणपणाचं नाही. खांबावर जाण्याआधी मनगटं, खांदे, मान आणि कंबर मोकळी करायची, सूर्यनमस्कार घालायचे, घाम फुटू द्यायचा.

पोट जड नको आणि अगदी रिकामंही नको. सरावाआधी तासभर एखादं केळं पुरतं. एका मध्यम केळ्यात पंचवीस-सत्तावीस ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. अर्धापूरसारख्या केळीच्या गावात मुलांना डबाबंद प्रोटीन पावडर पाजायची हौस कशासाठी, ते कळत नाही.

करदोडा, ताईत, बांगड्या, पैंजण, कानातलं सगळं काढून ठेवायचं. दागिना खांबात अडकला तर कातडं फाटतं, करदोड्याने पोटाला करकचून वळ उठतो. नखं कापलेली हवीत. मुलांनी जांग्या किंवा लंगोट, मुलींनी अंगासरशी बसणारा पोशाख घालावा. सैल टी-शर्ट उलटं झाल्यावर तोंडावर येतो आणि डोळे झाकतो.

पहिल्या महिन्यात मांड्यांच्या आत आणि कोपराच्या घडीत काळे-निळे डाग पडतात, कातडं लाल होतं. हे होणारच, हळूहळू कातडं सरावतं. पण सालटं निघालं तर साबण-पाण्याने धुऊन, कोरडं करून, जखम भरेपर्यंत त्या जागेची पकड बंद. उघड्या जखमेवर आखाड्यातलं तेल किंवा हळद-माती लावू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का, हे डॉक्टरांना विचारावं. सरावानंतर तेल काढायला बेसन उत्तम.

दुखण्यात फरक ओळखायला शिकलं पाहिजे. स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकले तर काळजी नाही. सांध्यात आत कळ आली, खांदा वर नेताना अडकला किंवा बगलेच्या पकडीनंतर हाताला मुंग्या येऊन बधिरपणा राहिला, तर थांबायचं. बगलेतून हाताच्या नसा जातात, त्यांवर फार वेळ दाब पडणं बरं नाही. सगळी कसरत ओढण्याची असते, म्हणून जोडीला दंड काढायलाच हवेत, नाहीतर खांदे पुढे झुकतात. आठवड्यातून एक दिवस विश्रांती.

रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्या प्रौढांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं लटकू नये. मासिक पाळीत सराव चालतो. त्या दिवसांत मुलींना बाजूला बसवून ठेवण्यामागे शरीरशास्त्राचं कारण नाही, फक्त ज्या मुलीला त्रास होतो तिला आराम द्यावा.

खांबाभोवती जाड गाद्या आणि शेजारी जाणता माणूस, या दोन गोष्टी नसतील तर मूल चढवूच नये. मूल मानेवर पडलं तर त्याला उचलून बसवण्याची घाई करू नये. मान हलू न देता तसंच आडवं ठेवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

पुढे काय मिळतं

शालेय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब आहे, खेलो इंडिया युवा स्पर्धांतही आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंच्या नोकरभरतीसाठीच्या खेळांची यादी ४३ वरून ६३ केली, तेव्हा तिच्यात मल्लखांब आला. २०२१ मध्ये हिमानी परब यांना आणि २०२२ मध्ये सागर ओव्हळकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. छत्तीसगडच्या अबूझमाडमधली, सोयीसुविधांशिवाय वाढलेली आदिवासी मुलं आज देशभर मल्लखांबाने ओळखली जातात. तेव्हा सोयी नाहीत हे कारण आपल्याला फार काळ पुरणार नाही.

अर्धापूर तालुक्यातल्या शाळांना एवढीच विनंती. पुढच्या वर्षीच्या क्रीडासाहित्याच्या यादीत एक सागाचा खांब, एक दोरी आणि सहा गाद्या लिहा, आणि त्याआधी एका क्रीडाशिक्षकाला महिनाभर चांगल्या व्यायामशाळेत शिकायला पाठवा. शिक्षक आधी, खांब नंतर.