‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ आणि इतर ऐकीव गोष्टी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ बसवायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात मोठ्या भावाकडून धाकट्याकडे आणि तिथून चुलतभावाकडे आलेल्या लॅपटॉपात हे दोन्ही असेलच असं नाही. अशा यंत्रासाठी विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली हा सरळ मार्ग आहे. पैसे लागत नाहीत आणि हलक्या आवृत्त्याही मिळतात. पण घरातलं कॉलेजचं पोरगं आडवं येतं: “त्याच्यावर गेम नाही चालत ना बाप्पा!”

पंधरा वर्षांपूर्वी हे बरंचसं खरं होतं. बरंचसंच, पूर्ण नाही. ‘डूम’ हा गाजलेला खेळ १९९४मध्येच लिनक्सवर आला होता. डिसेंबर १९९७मध्ये त्याचा सोर्स कोड जगासाठी खुला झाला, तोही लिनक्सच्या आवृत्तीचा, कारण डॉसच्या आवृत्तीत आवाजासाठी दुसऱ्याच्या मालकीची लायब्ररी अडकलेली होती. त्याआधी जवळपास दोन वर्षं, जानेवारी १९९६मध्ये, डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘फ्रीसिव्ह’ हा खेळ बाहेर काढला होता. तो आजही खेळला जातो. फेब्रुवारी २०१३मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचं ‘स्टीम’ हे खेळांचं दुकान लिनक्सवर रीतसर उघडलं आणि चित्र खरोखर बदललं.

मग उलट्या टोकाचा गैरसमज पसरला: आता सगळंच चालतं. इथे जरा थांबायला हवं, कारण ‘चालतं’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. काही खेळ लिनक्ससाठीच बांधलेले असतात, त्यांना नेटिव्ह म्हणतात. बाकीचे विंडोजसाठी बनलेले असतात आणि मध्ये एक दुभाषा बसवून चालवले जातात. व्हॉल्व्हनं २०१८मध्ये आणलेला ‘प्रोटॉन’ हा असा दुभाषा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये आणलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ लिनक्सवर खेळायचा तर वाट प्रोटॉनमधूनच जाते, लिनक्ससाठी त्याची वेगळी आवृत्ती नाही.

नव्या यंत्रावर हा फरक खेळणाऱ्याला जाणवतही नाही. जुन्यावर मात्र तोच निर्णायक ठरतो. प्रोटॉन विंडोजच्या ग्राफिक्सच्या आज्ञा ‘व्हल्कन’ या नव्या पद्धतीत उतरवतो, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये व्हल्कनचा आधार अर्धवट आहे. म्हणजे २०१३च्या आसपासच्या लॅपटॉपवर प्रोटॉनचा खेळ पहिल्या पडद्यालाच गचकण्याची शक्यता बरीच. नेटिव्ह खेळांपैकी अनेक खेळ ‘ओपनजीएल’ या ग्राफिक्सच्या जुन्या पद्धतीवर किंवा साध्या द्विमितीय चित्रांवर भागवतात. लिनक्ससाठी खेळ सुचवताना ‘नेटिव्हच सांगा’ असा आग्रह धरणारे लोक हट्टी वाटतात, पण निदान जुन्या यंत्रापुरतं त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

‘लिनक्सवर खेळ हळू चालतात’ हेही असंच. २०१२मध्ये व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी ‘लेफ्ट फोर डेड २’ लिनक्सवर आणायला घेतला, तेव्हा सुरुवातीला सेकंदाला जेमतेम ६ चित्रं पडत होती. दुरुस्त्या करत करत आकडा ३१५वर गेला. त्याच यंत्रावर विंडोजमध्ये तो २७०.६ होता. अर्थात त्या यंत्रात ३२ जीबी रॅम होती, आणि लिनक्सवर शिकलेल्या क्लृप्त्या वापरून पुढे विंडोजचाही आकडा त्यांनी ३००च्या वर नेला. संथपणा प्रणालीत नव्हता, काम अपुरं राहिलं होतं.

‘भारी मशीन पाहिजे’ म्हणणाऱ्यांना रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं खैराट दाखवावं. तिथल्या पहिली ते चौथीच्या एकशिक्षकी शाळेत २००७मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. आत फेडोरा लिनक्स, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण. आजच्या स्वस्तातल्या फोनपुढेही ते किरकोळच. तरी चक्रव्यूह, जोड्या लावा असे खेळ त्यासाठी तयार होते. याच लॅपटॉपच्या निमित्तानं जानेवारी २००८मध्ये मूळ ‘सिमसिटी’ या खेळाचा कोड ‘मायक्रोपोलिस’ या नावानं खुला झाला.

आणखी एक गल्लत नेहमीची. प्रणाली मुक्त म्हणून तिच्यावरचा खेळही मुक्त, असं नसतं. ‘काउंटर-स्ट्राइक २’, ‘डोटा २’, ‘स्टारड्यू व्हॅली’ हे सगळे लिनक्सवर नेटिव्ह आहेत, कोड मात्र बंद. उलट ‘मिंडस्ट्री’चा कोड उघडा आहे आणि स्टीमवर तो पैसे घेऊन विकलाही जातो. मुक्त परवान्यात विक्रीला मनाई नसते.

फ्री फायर आणि बीजीएमआय? त्यांच्याबाबत पोराचं म्हणणं खरं आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असला तरी फोनचे हे खेळ लॅपटॉपच्या लिनक्सवर तसेच्या तसे उतरत नाहीत. ‘व्हॅलोरंट’ तर नाहीच. त्याची फसवणूक पकडणारी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये ठाण मांडून बसते.

मग जानेफळच्या त्या लॅपटॉपवर घालावं तरी काय? फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा मोजून वापरायचा असेल तर आधी ‘ओपनटीटीडी’. आगगाड्या, बस, विमानं चालवून कंपनी उभी करायची. डाउनलोड लहान आहे, आणि २०१०पासून त्याला मूळ विकत घेतलेल्या खेळाच्या फायलीही लागत नाहीत. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ २००३पासून सुरू आहे. एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं दोघं-तिघं खेळू शकतात, घाई नसते. लहानांसाठी ‘जीकॉम्प्री’ आणि चित्रं काढायला ‘टक्स पेंट’. टक्स पेंटच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे.

यंत्र जरा बरं असेल तर ‘झीरो ए.डी.’. प्राचीन काळातल्या राज्यांचा हा डावपेचांचा खेळ आहे. त्यात मौर्य आहेत, चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे नायक म्हणून येतात. मौर्यांकडे लढाईचे हत्ती आहेत तसा एक कामकरी हत्तीही आहे. जंगलाशी नेऊन उभा केला की तोडलेलं लाकूड त्याच्याजवळच जमा करायचं, कोठारापर्यंत खेप घालायला नको. एप्रिल २०१३च्या आवृत्तीचं नाव होतं ‘मगध’, जानेवारी २०२५च्या आवृत्तीचं ‘अग्नी’. डाउनलोड मोठं आहे, रात्री लावून ठेवावं.

आणि शर्यत हवी असेल तर ‘सुपरटक्सकार्ट’. लिनक्सचा पेंग्विन टक्स इथे गाडी हाकतो. तो अँड्रॉइडवरही मिळतो आणि २०१९च्या १.० आवृत्तीपासून नेटवर्कवरही खेळता येतो. एका हॉटस्पॉटला लॅपटॉप आणि भावाचा फोन जोडला की स्थानिक नेटवर्कवर दोघांची शर्यत लागते, इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. दोन्हीकडे शक्यतो एकच आवृत्ती असावी, एवढं पाहावं. लिनक्सच्या सॉफ्टवेअर-भांडारातली आवृत्ती कधी कधी फोनवरच्यापेक्षा मागे असते.